पाळीमागचा लाल बावटा

"गेला! पाळीच्या पलीकडं गेला! सिक्सर!" बॅट उंचावून रामकिशन नाचू लागला.

"कसला सिक्सर? आऊट!" सिंधु ओरडली. "चेंडू पाळीपलीकडं गेला की मारणारा आऊट. आन आणायचा पण त्यानंच!"

धामणगावच्या तळ्यात यंदा खेळायला हवी तेवढी जागा होती. पाणी नव्हतंच. दुष्काळानं तळ्याचा तळ भेगाळून गेला होता आणि मे महिन्याच्या सुट्टीत पोरांनी तिथंच स्टंप रोवले होते.

रामकिशन पाळीकडं, तळ्याच्या उंच मातीच्या बांधाकडं निघाला आणि मध्येच थबकला. पाळीमागं बाभळींचं रान होतं. त्यात शेषेराव गुत्तेदारानं काट्यांचं कुंपण घालून लाल बावटा लावला होता. शेजारी पाटी होती : 'सुरुंग! जवळ येऊ नका!' लातूरचा वेगळा जिल्हा झाल्यापासून जिकडं तिकडं रस्ते निघाले होते. शिरूर अनंतपाळकडं जाणाऱ्या रस्त्याला मुरूम पुरवायचं काम शेषेरावाकडं होतं. बाभळीमागचं टेकाड फोडून मुरूम काढतो, असं तो सांगायचा.

"मी न्हाई जायचो. सुरुंग उडला म्हंजे?"

"रामकिशन," पंचशीला हळूच म्हणाली, "सुरुंगाचा आवाज तू कवा ऐकलास?"

रामकिशननं डोकं खाजवलं. "आं... न्हाई ऐकला."

"सिंधु, तू?"

"मी पण न्हाई गं!"

"मी तर पाळीच्या खालीच राहते. आमच्या पत्र्यावर चिमणी बसली तरी कळतं. पण एकदासुद्धा धडाम झालं न्हाई! मग हा बावटा कशाला?"

तिघं कुंपणाखालून सरपटत आत शिरली. रामकिशनचा सदरा काट्यात फाटला, पण तो ओरडायचंही विसरला.

टेकाड जसंच्या तसं होतं. पाळच अर्धी गायब होती!

पाळीच्या मागच्या अंगाचा सगळा मुरूम खरवडून नेला होता. आतली काळी माती उघडी पडली होती. वरची वाट तेवढी शाबूत होती आणि तिच्याखाली मोठी कपार झाली होती. खड्ड्याच्या तळाशी चेंडू पडला होता.

पंचशीलाच्या अंगाची लाही लाही झाली.

तिचे वडील भीमराव गेल्या हिवाळ्यात वारले. रोज दिवस कलला की ते पाळीच्या मागच्या अंगानं एक फेरी मारत. खेकड्यांची बिळं बुजवत, कुठं माती खचली तर टोपलंभर घालत. छप्पन साली बौद्ध झाल्यावर तिच्या आजोबांनी गावकीची सगळी फुकटची कामं सोडली होती. ही फेरी मात्र सुटली नाही. पाणी गावाचं असलं तरी पाळीखाली घरं त्यांची होती. भीमरावांनी ही फेरी कधी बोलून दाखवली नाही आणि गावानंही तिच्याबद्दल कधी विचारलं नाही. ते गेल्यावर पाळीमागं कुणी फिरकलंसुद्धा नाही. शेषेरावानं नेमकं तेच हेरलं होतं.

"पाऊस आला तर?" सिंधुनं विचारलं.

"तळं भरंल. पाळ फुटंल. आधी आमची वस्ती जाईल, मग तुमची शेतं." पंचशीलाचा आवाज थरथरत होता, पण रडण्यानं नव्हे!

तिघं पळत सरपंचांकडं गेली. सरपंच किशनराव हे रामकिशनचे सख्खे चुलते. त्यांनी सगळं ऐकलं आणि हसून पानाला चुना लावला.

"पाळ लई जुनी हाय, पोरांनो. तिला काय होतंय! टोपलं-दोन टोपलं मुरूम घेतला असंल त्यानं."

"टोपलं न्हाई काका, अर्धी पाळ नेली! तुमी चला, बघा तरी!"

"सुरुंग हायेत तिथं. आन तुमी गेलातच कशाला? उद्या त्याचा सत्कार हाय. रस्ता करून देतोय तो गावाला. उगं आगाऊपणा करायचा न्हाई!"

सांजेला पंचशीलाची माय नागुबाई कामावरून आली. ती त्याच रस्त्यावर रोजानं मुरूम टाकत होती. लेकीचं बोलणं ऐकून ती उंबऱ्यावरच बसली. स्वतःच्या तळहातांकडं बघत राहिली.

"म्हंजे मी रोज डोक्यावरून आपलीच पाळ वाहून राहिले?"

पंचशीलाला वाटलं, आत्ता जाऊन त्या गुत्तेदाराच्या जीपवर धोंडा घालावा. पण धोंड्यानं पाळ भरली नसती. जीप मात्र तिच्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी हलग्या कडाडल्या. उघड्या जीपमध्ये शेषेराव फेटा बांधून बसला होता. शेजारी किशनराव. मिरवणूक मंदिराच्या रस्त्यानं निघणार, तोच रामकिशन पुढं आला. पंचशीलानं पढवलेलं त्यानं खणखणीत आवाजात म्हणून टाकलं,

"काका, मिरवणूक पाळीवरून नेऊ! सगळ्या गावाला लांबून दिसंल!"

"वा रे पठ्ठ्या!" किशनराव खूश झाले. "घ्या जीप पाळीवर!"

शेषेरावाचा चेहरा उतरला. "न... नको! ऊन लई हाय."

"मंदिराच्या रस्त्याला सावली हाय व्हय?" सिंधुनं विचारलं. लोक हसले.

"वाट अरुंद हाय..."

"भरल्या बैलगाड्या जात होत्या की!" मागून कुणीतरी म्हणालं.

"जीप जड हाय!"

"बैलगाडीपरीस? सरपंच म्हणून राहिले तर चला ना, साहेब!" पंचशीला जीपसमोर येऊन उभी राहिली. "का भ्या वाटून राहिलं?"

"कुणाला भ्या वाटतंय? घे रे गाडी!" किशनराव ड्रायव्हरवर ओरडले.

ड्रायव्हरनं चावी काढली आणि टुणकन खाली उडी मारली. "मालक, मी न्हाई घालायचो पाळीवर! खालून पोकळ हाय! मला लेकरंबाळं हायेत!"

हलग्या बंद पडल्या. पंचशीला शांतपणे म्हणाली, "आमाला न्हाईत व्हय?"

सगळा गाव पाळीमागं धावला. कपार बघून किशनराव थेट कुंपणाकडं गेले. त्यांनी बावटा उपटून फेकला.

"पावसाआधी भरूनच देणार होतो," शेषेराव पुटपुटला.

"कशानं? माझी माय रोजच्या रोज रस्त्यावर पसरून राहिली तो मुरूम!" पंचशीला कडाडली.

"टेकाड हाय ना तुझं? फोड आता!" किशनराव गरजले. "पाळ पहिल्यावानी होईस्तोवर तुझी एक पण गाडी गावाबाहेर जाणार न्हाई!"

मग त्यांनी सत्काराचा हार उचलला आणि पंचशीलाच्या गळ्यात घालायला पुढं झाले. "खरी शाबासकी तुमची, पोरांनो! तू तर भीमरावाची लेक शोभलीस! गाव वाचवलंस."

पंचशीला मागं सरली. "हार नको, काका. टोपलं घ्या."

त्याच दिवशी काम सुरू झालं. आधी काळी माती, मग तिच्यावर चोपून मुरूम. टोपलं घेऊन किशनराव वस्तीच्या बाजूनं आले. नागुबाईच्या दारापाशी थांबून त्यांनी वर पाहिलं.

"हितून पाळ लई उंच दिसते गं!"

"आमाला रोज एवढीच दिसते," नागुबाई म्हणाली.

किशनराव दिवस कलेपर्यंत टोपली वाहत राहिले. लोक हात धुवायला लागले, तशी पंचशीला पाळीवर उभी राहिली.

"उद्यापासून मागच्या अंगानं फेरी कोण मारणार?"

काही नजरा सवयीनं नागुबाईकडं वळल्या.

"माय न्हाई!" पंचशीला म्हणाली. "उद्या कोण?"

"मी," किशनराव म्हणाले.

"परवा?"

"आमचं घर," कुणीतरी बोललं.

"आन तेरवा?"

पंचशीलाचा राग अजून गेला नव्हता. ती विचारतच राहिली आणि एकेक घर उत्तर देत गेलं.