भिकुबाईची रजा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मी यात पदरचं काही घातलेलं नाही. माझ्या आईच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, हे आईला सांगितलं. आईनं मला.

१९३२ चा मे महिना. वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारची होती.

खानदेशातला एक तुरुंग. गावाचं नाव सांगत नाही. त्या माणसांची नातवंडं अजून तिथे राहतात.

आबांचं नाव अभिमन. वय चोवीस. तुरुंगाच्या कचेरीत कारकून. पहारेकऱ्यांच्या नेमणुका, रजा, पाळ्या, सगळं त्यांच्या टेबलावर यायचं. वर हेडक्लार्क तोताराम. त्यांना सगळे नाना म्हणायचे. नियमांचा मसुदा नाना करायचे, आबा तो सुवाच्य अक्षरात उतरवायचे.

त्या वर्षी सत्याग्रहींनी तुरुंग भरून गेला होता. पहारेकरी कमी पडत होते आणि जो तो रजा मागत होता. नानांनी नवा नियम केला. जेलर साहेबांनी न वाचता सही ठोकली.

बदली माणूस हजर झाल्याशिवाय पहारेकऱ्याने जागा सोडायची नाही.

तो उतरवताना आबांचा हात थांबला. बायकांच्या बराकीवर पहारेकरीण एकच होती. भिकुबाई. तिच्या जागी येणार कोण?

हे नानांना सांगावं, असं त्यांच्या मनात आलं.

सांगितलं नाही.

आठ दिवसांनी भिकुबाई कचेरीच्या खिडकीशी आली. कमरेला आतल्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा. पारोळ्याहून तिच्या मुलीच्या सासरचा निरोप होता, मुलगी बाळंतपणात अडली होती.

"नाना, मनी पोर अडेल शे. पहिलं बायतपन शे. माले दोन रोज सोडा."

"बदली आण, आणि जा."

"मी बदली कोठून आनू?"

"नियम आहे, बाई. मी काय करू?"

ती आबांकडे बघत राहिली. आबांनी मान खाली घातली. शिपायानं तिला परत बराकीत नेलं आणि बाहेरून कुलूप लावलं.

तिसऱ्या दिवशी दुसरा निरोप आला. पोर गेली. पोटातलं बाळही गेलं.

भिकुबाई रडली नाही. बराकीच्या दाराशी स्टुलावर बसली, ती बसलीच. अन्न नाही... पाणी नाही. कैदी बायका तांब्या तोंडाशी न्यायच्या, ती तोंड फिरवायची. नाना एकदा बघायला आले, तेव्हा तेवढं बोलली.

"माले जाऊ दिन्हं नही. आते तू बी जावाव नही."

चौथ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला ती बसल्या जागी गेली.

कैदी बायकांना दुसरीकडे हलवलं. बराक रिकामी करून कुलूप घातलं.

मग एका दुपारी नाना लिहिता लिहिता थांबले.

"अभिमन, किल्ल्या कोण वाजवतंय रे?"

आबांना काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आलं.

छन्... छन्... छन्...

व्हरांड्यातून कोणीतरी सावकाश चालत येत होतं. आवाज कचेरीच्या दारापर्यंत आला आणि थांबला. आबांनी उठून पाहिलं.

व्हरांडा रिकामा. नुसतं ऊन.

मग रोज एक वाजला की तेच.

नाना खंगले. त्यांनी रजा मागितली. रजा मंजूर झाली. त्यांच्या जागी जळगावहून एक कारकून निघाला, चाळीसगावला गाडी बदलायला उतरला... आणि तिथूनच परत फिरला.

त्याचं पत्र आलं. फलाटावर तुमच्या कचेरीतली बाई भेटली. नानांची रजा रद्द झाली, असं तिनं सांगितलं.

कचेरीत बाई एकही नव्हती.

पत्र वाचून नाना ताडकन उठले आणि टोपीही न घेता फाटकाकडे निघाले. फाटकावर नूर महंमद होता. त्यानं दिंडी, म्हणजे फाटकातलं छोटं दार, उघडलं. नाना उंबऱ्यापर्यंत गेले आणि थबकले.

"बाजूला हो... मला जाऊ दे."

"नाना, कोणी नाही इथं. या ना बाहेर."

"अरे, ही बसलीय ना वाटेत!"

नूर महंमदनं त्यांना ओढायला हात धरला आणि चटकन सोडला. हात तव्यासारखा तापला होता.

नाना मागे फिरले. तीन दिवस कचेरीतच पडून होते. बायको डबा घेऊन आली, गयावया करून गेली. पाण्याचं भांडं तोंडाशी नेलं की त्यांचे ओठ मिटायचे. डॉक्टरनंही हात टेकले.

चौथ्या दिवशी दुपारी ते जागेवर नव्हते.

सगळा तुरुंग शोधला. शेवटी कोणीतरी बायकांच्या बराकीचं नाव काढलं. बाहेर कुलूप तसंच होतं. किल्ली जेलर साहेबांच्या खिशात.

दार उघडलं...

नाना आत होते. स्टुलावर ताठ बसलेले. ओठ फुटलेले. डोळे दाराकडे.

तो नियम त्याच आठवड्यात रद्द झाला. आबांना वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजला.

छन्... छन्...

या वेळी आवाज दारात थांबला नाही. आत आला. आबांच्या टेबलाशी आला.

"तूच लिखं ना?"

आबा खुर्चीतून उठले. "मी नुसती नक्कल केली, अक्का."

मग अगदी कानाशी...

"वाचं व्हतं ना?"

आबा धावत सुटले. दिंडीतून बाहेर पडले. त्यांना कोणी अडवलं नाही. राजीनामा त्यांनी पिंपळनेरहून टपालानं पाठवला आणि तिथेच शेती धरली.

त्यांना कुणी का अडवलं नाही, हे कळायला वीस वर्षं गेली.

आबांना तीन मुली झाल्या. थोरली १९५२ साली पहिल्या बाळंतपणात गेली. मधली १९५६ साली... तीही पहिल्या बाळंतपणात. दोघींची वेळ दुपारी एकची.

तिसरी माझी आई.

माझ्या वेळी, तिच्याही पहिल्याच बाळंतपणात, कळा दोन दिवस चालल्या. आबा खोलीबाहेर जमिनीवर बसून होते. जागचे हलले नाहीत. आईला आतून त्यांचं बोलणं ऐकू यायचं. हळू आवाजात, कोणाच्या तरी विनवण्या केल्यासारखं. शब्द कळत नव्हते. आजी म्हणायची, बाहेर ते एकटेच होते.

आई वाचली. मी झाले.

आठव्या दिवशी भर दुपारी आबा गेले. त्या आठ दिवसांत त्यांनी आईला हे सगळं सांगितलं. एक गोष्ट सोडून.

माझी स्वतःची सुटका सकाळीच झाली होती, एक वाजायच्या आत. माझ्या मुलीला आता सातवा महिना आहे. पहिलंच आहे. दवाखान्यात मी तिच्या दाराबाहेर बसणार आहे, कोणी कितीही उठवलं तरी.

पण तिथे बसून आबा काय बोलले... ते आईलाही माहीत नाही.

मी काय बोलू?