ओल्या लाकडांचा जाळ

चकमक झाडून झाडून धाकटीची बोटं सोलवटली, पण परसातल्या ओल्या लाकडांना काही दया येईना. आज पेटली नाहीत तर सगळंच मुसळ केरात! डोंगरवाल्यांच्या म्होरक्यानं बजावलं होतं, "पहाटे जंगलात शोधाला निघतोय. ओली लाकडं स्वतःच्या हातानं पेटवता आली तरच ये. आणखी एकीला शोधत फिरायची ताकद नाही माझ्यात."

एकीला म्हणजे ताईला. मागच्या थंडीत जंगलात गेली ती गेलीच. हाती लागली फक्त तिची पिशवी, आणि आत भिजून लगदा झालेली काडेपेटी. आई अजून रात्री दाराची कडी लावू देत नसे. तिच्यासाठी तरी ताईला आणायचं, हाडं का होईनात, एवढंच धाकटीच्या डोक्यात होतं.

"पुरे गं," आई खिडकीतून म्हणाली. "लाकडांच्या आधी तूच पेटशील!"

"शेवटचं एकदा, आई."

वाळक्या गवताच्या झुबक्यात ठिणगी पडली. धाकटीची खोड एकच, घाईनं जोरात फुंकायची आणि हातचं घालवायची. या वेळी तर धूरच घशात गेला. तोंड फिरवून ती खोकत राहिली. वळून बघते तर काय, ठिणगी लाल होत होती, काळवंडत होती, परत लाल... झाडाचं पानही हलत नव्हतं. कुणीतरी अगदी बेतानं फुंकत होतं.

लाकडांनी जाळ धरला. पलीकडच्या कोरड्या फरशीवर ओल उमटली, पसरली, आणि तिच्यातून वाफ निघू लागली, भिजलेलं माणूस शेकायला बसल्यावर निघते तशी. कुजक्या पानांचा वास आला.

धाकटी वाफेकडे सरकली. भीती होतीच, पण त्याहून जास्त रडू येत होतं.

"ताई... तूच ना गं? कुठे आहेस तेवढं सांग. मी न्यायला येते..."

वाफ तेवढी जाळाकडे झुकली.

इतक्यात घराचं पुढचं दार करकरलं. पाठोपाठ आईचा आवाज, आनंदानं फुटलेला.

"धाकटे, टॉवेल आण गं! ताई आलीय... नखशिखांत भिजलीय पोर!"

धाकटी उठली. जाळापलीकडून, दात वाजत असताना बोलावं तसं, कुणीतरी ताईच्याच आवाजात म्हणालं,

"आईला बाहेर बोलाव... लवकर."