कुलूप फक्त जिवंतांना

आमच्या किसुमू गावात मला सगळे थापाड्या ओगुता म्हणतात. तलावातला पाणघोडा माझ्याशी बोलला, हे मीच गावभर केलं होतं. ते खोटं होतं.

हे नाही.

भर दुपार होती. मी हॉस्पिटलच्या तळघरातल्या खोलीत. वर व्हरांड्यात माझी नात अदोंगो बाकावर पडलेली. डोक्यात गाठ. किरणांचे उपचार अर्ध्यावर आलेले. डॉक्टर बजावून गेले होते, खंड पडला तर गाठ पुन्हा उसळेल.

आणि खंड पडला होता.

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरांत खंडणीखोर व्हायरस शिरला होता. फाइली कुलूपबंद. किरण नेमके कुठे द्यायचे, ते अदोंगोच्या फाइलीत.

माझी पुतणी अजवांग असल्या व्हायरसच्या जाती ओळखते. नेट तोडलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर तिनं सगळ्या फाइली व्हायरससकट उतरवून घेतल्या होत्या. तो काय करतो, ते बघत होती.

"जात कळली तर किल्ली मिळेल, काका. पण हा कशातच बसत नाही. काही फाइली यानं चक्क सोडल्यात."

"दमला असेल बिचारा."

"तुमची थट्टा आवरा हो जरा!"

ती सुटलेल्या फाइलींवरची नावं वाचू लागली... आणि तिचा आवाज खाली आला.

"काका... ही सगळी गेलेली माणसं आहेत."

तेवढ्यात लॅपटॉपचा पंखा चढला. आधी घरघर... मग बारीक, चिरका आवाज.

तान्ह्या पोराचा.

आम्हा लुओ लोकांत बाळ रडायचं थांबेना तर घरातल्या गेलेल्यांची नावं घेतात. ज्या नावाला गप्प होईल, ते माणूस परत आलं समजायचं.

वरून नर्स किंचाळली, "अदोंगो डोळे फिरवतेय!"

मी लॅपटॉप पोटाशी धरला.

"आओको... ओपोंडो..."

"वेड लागलं का, काका?"

"तुझ्याकडे दुसरी किल्ली आहे?"



नावं घ्यायची ती पिकल्या माणसांची. पोरासोरांची नाहीत. पण माझी म्हातारी माणसं संपली, आणि ते रडणं काही थांबेना... तोंडातून निघून गेलं.

"अपियो."

अदोंगोची जुळी बहीण. तिच्याआधी आली, जन्मताच गेली.

पंखा थांबला.

रडणंही थांबलं...

"काका," अजवांग कुजबुजली, "अदोंगोची फाइल उघडली."

मी जिना चढलो. उघड्या फाइली कुणाच्या असतात, ते मला आता ठाऊक होतं.

पोरगी बाकावर ताठ बसली होती. मक्याची उगाली आणि मासे खायला मागत होती.

उपचार झाले. गाठ गेली. त्या लॅपटॉपवर व्हायरसचा मागमूस उरला नाही. त्याची जात अजवांग अजून शोधतेय.

नात आज माझ्या अंगणात मासे सुकवते. धडधाकट आहे. कान तर इतके तिखट, की माझ्या खिशातल्या गोळीचा कागद वाजला तरी धावत येते.

फक्त "अदोंगो" म्हटलं... की मान वर करत नाही.

दुसऱ्या नावानं हाक मारून बघायची माझी छाती होत नाही.