वरच्या कप्प्यातली काच

भिंगबाई हे नाव विद्यार्थ्यांनी पाठीमागे ठेवलं होतं आणि बाईंना ते मनातून आवडायचं. उभी हयात त्यांनी मेडिकल कॉलेजात त्वचेच्या आजारांचं निदान शिकवण्यात घालवली होती. कातडीचा पातळसा काप काचेवर आला की त्या मायक्रोस्कोपला डोळा लावत आणि कर्करोग आहे की नाही ते सांगत. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

विभागाची एक जुनी रीत होती. नव्या शिक्षकाने अंगावरचा एखादा निरुपद्रवी तीळ काढून द्यायचा, त्याची काच शिकवायला ठेवायची. "दुसऱ्याच्या कातडीवर बोलायचं तर आधी स्वतःची द्या," असं म्हणत. बाईंच्या मनगटावरचा तीळ तरुणपणीच वरच्या कप्प्यात जाऊन बसला होता. साधा तीळ कसा दिसतो, हे कित्येक डॉक्टर त्याच्यावरच शिकले.

त्या सकाळी धाकट्या बहिणीच्या पाठीवरच्या तिळाची काच आली. घरच्या माणसाची काच दुसऱ्याने बघायची असते, पण बाईंना धीर धरवेना. त्यांनी डोळा लावला. वेड्यावाकड्या काळ्या पेशी तळापासून वरपर्यंत चढल्या होत्या. एका कडेला त्यांची चंद्रकोर झाली होती. शंकेला जागाच नव्हती.

लहानपणी धाकटीने काही फोडलं की थोरली पुढे होऊन म्हणायची, "मी केलं." धपाटे थोरलीच्या पाठीत, आणि धाकटी दाराआडून बघायची. आता केस पिकलेल्या बाई रिकाम्या खोलीत तेच पुटपुटल्या.

"मी केलं. तिला सोडा."

मग स्वतःचंच हसू येऊन त्यांनी शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं.

"मॅडम, माझी परीक्षा घेताय का? साधा तीळ आहे हा."

"डाव्या कडेला बघा."

"काही नाही हो तिथे. तुम्हीच बघा."

बाईंनी पाहिलं. पेशी शहाण्या मुलांसारख्या रांगेत बसल्या होत्या. काचेवरचा नंबर बहिणीचाच होता, कोपऱ्यातला टवकाही मघाचाच. बाई मटकन खुर्चीत बसल्या आणि रडल्या. त्यांना इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

फोनवर धाकटी ओरडलीच. "तायडे, सुटले गं मी!"

"सुटलीस बाई. आता जेव नीट."

दुपारी वर्ग होता. बाईंनी वरच्या कप्प्यातली आपली काच लावली. "हा साधा तीळ. नीट बघून घ्या."

मुलं पाळीपाळीने बघू लागली. पुढच्या बाकावरची मुलगी चाचरत म्हणाली, "मॅडम, हा साधा वाटत नाही."

बाईंनी डोळा लावला.

डाव्या कडेला चंद्रकोर होती.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. आवाज जरासुद्धा कापला नाही. "बरोबर ओळखलंस."

"कोणाचा आहे, मॅडम?"

"माझा," बाई म्हणाल्या. त्यांना खरोखर सुटल्यासारखं वाटत होतं.

मनगटाला मघापासून खाज सुटली होती. त्यांनी घड्याळाचा पट्टा सरकवला. तीळ काढल्याचा, सकाळपर्यंत पांढरा असलेला वण काळा झाला होता. त्यांनी पट्टा पुन्हा त्याच्यावर ओढला आणि पुढची काच मागितली.