तीन महिने नीट वागायचं

चौकात शिट्टी वाजली तेव्हा जनावरांची डॉक्टरीण गाडी अक्षरशः उडवत होती. मागच्या सीटवर शेळी कण्हत होती.

वाहतूक पोलीस खिडकीशी वाकला. तरुण, कडक इस्त्रीचा, आणि डोळे... असे डोळे चलान फाडणाऱ्याला देऊच नयेत!

"मॅडम, वेग—"

"हिचं पिल्लू अडलंय!"

त्याने मागे पाहिलं. शेळीने त्याच्याकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला, पण चलान लिहून पुरं केलंच.

"दंड भरा, नाहीतर कोर्टात लढा, नाहीतर तारीख पुढे मागा," तो एका दमात म्हणाला. "आणि आता माझ्या मागे या!"

मोटरसायकलचा सायरन वाजवत त्याने तिला दवाखान्यापर्यंत वाट काढून दिली. करडू सुखरूप जन्मलं. त्याचे आभार मानावेत की गळा धरावा, हे काही तिला ठरवता येईना.

"भर आणि मोकळी हो," दवाखान्याचं काउंटर सांभाळणारी मावशी म्हणाली.

"तिसरी नोंद आहे, मावशी. लायसन्स जाईल. मग लांबच्या गोठ्यांवर कोण जाणार? मी लढणार."

पहिल्या तारखेला एका घोड्याचं पोट दुखत होतं, म्हणून तिने धावत कोर्टात येऊन तारीख पुढे मागितली. साक्षीला आलेला तो पोलीस बाकावर ताटकळत होता.

"करडू कसं आहे?"

"तुमच्यासारखंच. नाकासमोर चालतं आणि कुणाचं ऐकत नाही."

तो हसला. पुढच्या तारखेला न्यायाधीश रजेवर निघाले. दोघांनीही चेहरे पाडले, पण मनातून दोघं खूश.

अखेर सुनावणी झाली.

"साहेब, वेग जास्तच होता," तो म्हणाला. "पण शेळीही खरीच अडलेली होती. पुन्हा असं झालं तर मी पुन्हा चलान फाडीन... आणि पुन्हा पुढे सायरन वाजवत जाईन."

न्यायाधीशांनी हसू दाबलं. निकाल पुढे ढकलला. तीन महिने एकही चूक झाली नाही, तर प्रकरण रद्द.

बाहेर आल्यावर तिने धीर करून विचारलं, "चहा?"

"आत्ता नाही. प्रकरण चालू आहे, मी साक्षीदार."

"आणि नंतर?"

त्याचे कान लाल झाले. "नंतर... नुसता मी."

मग काय! सायकलवाले घंटी वाजवत तिला मागे टाकू लागले. चौकात त्याने हात दाखवला की ती थांबायची, आणि त्याने जायची खूण केली तरी थांबलेलीच असायची. मागचे लोक बोंबलायचे.

"अगं, जा म्हणतोय तो!" शेजारी बसलेली मावशी तिला ढोसायची.

प्रकरण रद्द झाल्याचा कागद आला, त्याच संध्याकाळी तो दवाखान्यात हजर झाला. अंगात साधा शर्ट, कुशीत जाडजूड बोका.

"शेजाऱ्यांचा आहे," तो पुटपुटला.

तिने बोक्याचे डोळे पाहिले, दात पाहिले, पोट चाचपलं. "याला काहीही झालेलं नाही."

"माहीत आहे..." त्याने बोक्याचा कान खाजवला. "मला झालंय. कधीचं."

तिचे हात बोक्यावरच राहिले. "मलाही," ती हळूच म्हणाली.

मावशीने पुढे होऊन बोका उचलला. "हा माझ्याकडे असू दे. तुम्ही दोघं बाहेर जा बघू. इथे खरोखरची आजारी जनावरं खोळंबलीत!"