मिशीखालचं हसू

जगात आजवर जेवढी प्रेमं जमली, ती सगळी डोळ्यांतून जमली. नजरेला नजर भिडते, काळजात काहीतरी हलतं आणि पुढचं आपोआप होत जातं; याबाबत शहाण्यासुरत्यांमध्ये दुमत नाही. फक्त कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कोणी कोणाच्या डोळ्यांकडे बघतच नाही. तिथं हा सगळा प्रकार चार बोटं खाली घडतो.

धाकटी अशाच एका कारखान्यात दात बसवायची. घरात ती धाकटी होती म्हणून धाकटी, आणि कारखान्यात सगळ्यांत जुनी असूनही धाकटीच. गुलाबी मेणाच्या हिरडीत एकेक दात रोवायचा, अशी पंगत सरळ लावायची की बघणाऱ्याला शिस्त वाटावी, ही तिची ख्याती. तिच्या स्वतःच्या तोंडात मात्र ती शिस्त नव्हती. वरचा डावा समोरचा दात शेजाऱ्याच्या अंगावर किंचित रेलून उभा होता, बसच्या रांगेत कंटाळलेला माणूस उभा राहतो तसा. लहानपणी ती हसली की मामा म्हणायचा, "फाटक लाव गं." लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा त्यानं तार लावून घ्यायला सुचवलं. तार लागली नाही, पण फाटक लागलं. तेव्हापासून धाकटी तोंडावर हात ठेवून हसायची.

त्या सकाळी प्लास्टरच्या जबड्यांचा ट्रे घेऊन ती जिना चढत होती, आणि वळणावर वरून उतरणाऱ्या एका उंच माणसावर आदळली. जबडे उड्या मारत खाली गेले. माणूस ओणवा होऊन ते गोळा करू लागला, शेवटचा जबडा तिच्या हातात देताना त्यानं वर बघितलं, आणि बघतच राहिला. डोळ्यांत नव्हे. चार बोटं खाली.

"वरचा डावा..." तो म्हणाला. "जन्मापासून असाच आहे?"

"हो," धाकटी म्हणाली. "आणि तुमचं नाक? नंतर बसवलंय?"

तासाभरानं मालकीणबाईंनी सगळ्यांना बोलावून नव्या साहेबांची ओळख करून दिली. नाक तेच होतं.

नव्या साहेबाशी कसं वागावं, याचे धडे जबड्यांचे साचे ओतणाऱ्या प्लास्टरकाकांकडे मिळत. त्यांनी चार साहेब पचवले होते. साहेब म्हणजे ओलं प्लास्टर, असं त्यांचं म्हणणं. ओला असताना बोट घातलं तर बरबटतो, घट्ट झाला की हातोडीलाही दाद देत नाही. मधे थोडा वेळ असतो, तेवढ्यात काय आकार द्यायचा तो द्यावा. आणि जाताना तक्रार घेऊन जाऊ नये, प्रश्न घेऊन जावा.

धाकटीकडे तक्रारी भरपूर होत्या. पहिली म्हणजे साहेब बोलताना कायम तिच्या तोंडाकडे बघत. दुसरी, त्यांनी न विचारता तिच्या टेबलावरचा दिवा डावीकडून उजवीकडे सरकवला. ती डावखुरी होती, त्यामुळे दिवसभर काम सुरेख दिसलं, आणि त्याचा तिला आणखीच राग आला. तिसरी सगळ्यांत मोठी. तिनं लावलेली प्रत्येक कवळी साहेब शेवटचा हात फिरवायला म्हणून आपल्या खोलीत नेत, आणि तिथून ती परस्पर डॉक्टरांकडे जाई. काय बदललं, ते तिला कळतही नसे.

शेवटी काकांच्या सल्ल्याप्रमाणे ती प्रश्न घेऊन गेली.

"सर, माझ्या कामात काही चुकतंय का?"

"नाही. फारच बरोबर असतं."

"मग तुम्ही बदलता कशाला?"

"फारच बरोबर असतं... म्हणून." हे त्यांनी तिच्या वरच्या डाव्या दाताला सांगितलं.

प्लास्टर अजून ओलंच आहे, असा काकांनी निर्वाळा दिला.

मग एका संध्याकाळी बस थांब्यावर एक पोलादी छातीचे, झुपकेदार मिशीचे आजोबा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. निवृत्त हवालदार असावेत. कोणाच्या तरी बाळाकडे बघून ते हसले आणि धाकटीची नजर तिथंच अडकली. मिशीखाली तिचा दात होता. तोच रेललेला, तेवढ्याच कलानं. आपलं हसू परक्या मिशीखाली बघण्याचा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. तिनं तोंडावर हात ठेवला. आजोबांनी ठेवला नाही. त्यांना काही वाटतच नव्हतं.

रात्रभर ती स्वतःला समजावत राहिली की योगायोग असेल. रविवारी मामा आला.

मामानं डॉक्टरांकडून नवी कवळी बसवून घेतली होती आणि ती दाखवायलाच तो आला होता. साच्यांवर नाव नसतं, नुसता आकडा असतो, त्यामुळे मामाचा जबडा आपल्या हाताखालून गेला, हे धाकटीला कळायचं कारण नव्हतं. मामा उंबऱ्यात उभा राहून ऐसपैस हसला. आई बघत राहिली.

"अगंबाई," ती म्हणाली, "तू थेट आपल्या धाकटीसारखा दिसतोयस."

मामाला वाईट वाटेल, निदान एवढं तरी समाधान मिळेल, असं धाकटीला वाटलं होतं. पण मामा खूश होता. दहा वर्षांनी लहान दिसता, असं शेजारीण म्हणाली होती. हा तिरका दात म्हणजे खास काम आहे, सगळ्यांना मिळत नाही, असं तो आरशासमोर मान वळवून सांगू लागला.

"मामा," धाकटी म्हणाली, "फाटक लाव."

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेली. राजीनामा तोंडपाठ केला होता. साहेबांची खोली उघडी होती, साहेब हातात मेणाची सुरी घेऊन बसले होते, आणि टेबलावर पाठवायच्या कवळ्यांची रांग लागली होती. सगळ्या कवळ्या धाकटीचं हसू हसत होत्या.

ती पाठ केलेलं सगळं विसरली. जे आठवलं ते बोलली. जन्मभर जो दात लपवला, त्याची तुम्ही गावभर टिंगल चालवली आहे. मामानं निदान घरात चिडवलं, तुम्ही तर हवालदारांना वाटलात. साहेब झालात म्हणून माणसाचं तोंड वापरायचं? मला इथं राहायचं नाही.

साहेब उभे राहिले. सुरी खाली ठेवली, परत उचलली, परत ठेवली.

"टिंगल नाही," ते म्हणाले. "सरळ दात खोटे दिसतात, एवढंच माझं म्हणणं होतं. एखादा जरा कलता हवा. रोज ठरवतो, आज वेगळा कलवायचा, उजवीकडचा घ्यायचा, खालचा घ्यायचा... पण हात तिथंच जातो. मला दुसरं हसू आठवतच नाही."

बाहेर काकांनी प्लास्टर कालवायला घेतल्याचा आवाज आला. ते नेमके आजच लवकर आले होते.

"माझ्या डोळ्यांकडे बघून सांगा," धाकटी म्हणाली.

साहेबांनी मान वर केली. पहिल्यांदाच चार बोटं वर. आणि जिन्यात अनोळखी बाईला दात विचारणारा तो माणूस कानापर्यंत लाल झाला.

"असं... असं बघून मला बोलता येत नाही. तिकडे बघून येतं. म्हणून तर..." त्यांनी सुरी बाजूला सारली. "तुम्ही मला आवडता. जिन्यापासून. आणि आजपासून तुमचं काम मी बघणार नाही, मालकीणबाई बघतील, ते शनिवारीच बोलून ठेवलंय. म्हणजे तुम्हाला नाही म्हणायला अवघड जाऊ नये."

"आणि हो म्हटलं तर?"

"तरी मालकीणबाईच बघतील."

धाकटीला हसू आलं. हात सवयीनं वर गेला, अर्ध्या वाटेत थांबला आणि खाली आला. राग अजून होता, पण आता तो बसायला जागा शोधत होता.

तिनं अटी सांगितल्या. तिच्या कामाला सुरी लावायची तर आधी विचारायचं. दिवा आहे तिथंच राहील. संध्याकाळी बस थांब्यापर्यंत चालत जायला हरकत नाही, पण चालताना डोळ्यांकडे बघायचा सराव करायचा. हे सगळं साहेबांनी मान्य केलं. प्लास्टर घट्ट व्हायच्या आतला तो थोडासा वेळ हाच, हे बाहेर काकांनाही कळलं असावं, कारण कालवण्याचा आवाज थांबला होता.

"आणि हा दात," ती म्हणाली, "यापुढे एकाच तोंडात राहील."

"कबूल. मग... वाटलेले परत मागवू?"

धाकटीला हवालदार आजोबा आठवले, बाळाकडे बघून कसे मोकळे हसले होते ते आठवलं. तिचा आवाज मऊ झाला.

"नको. त्यांचे असू देत." मग ती जरा पुढं वाकली. "मामाचा तेवढा सरळ करून द्या."