सहाव्या घाताची बहुपदी

श्यामसुंदर यांच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात जुनी पुस्तके विषयवार नव्हे, उंचीवार लावलेली असत. म्हणून प्राध्यापक यज्ञेश्वर सबनीस सलग तिसऱ्या दुपारी तिथे स्टुलावर चढून गणिताचे पुस्तक शोधत होते.

"सर, कॉलेजची लायब्ररी वाळवीने खाल्ली का?"

"तिथली चाळून झाली. बहुपदीची दोन मुळं अगदी जवळजवळ असली की नेहमीची पद्धत दोघांत घोटाळत राहते. पुस्तकं एवढं सांगून हात झटकतात."

"मग आपणही झटका. पुस्तिकेत एक उदाहरण कमी झालं तर पुणं बुडणार नाही."

"ते उदाहरण कुसुमने निवडलं होतं."

श्यामसुंदरांनी पुढे येऊन स्टूल धरून ठेवले. सबनीस पतिपत्नींची ही गणिताची पुस्तिका तेच छापणार होते. दिवाळीत म्हणाले होते, "आकडे वहिनींनी तपासलेत ना? मग मुद्रितं मी बघतसुद्धा नाही." मार्गशीर्षात कुसुम गेली. मुखपृष्ठावर तिचे नाव यायचे होते आणि आत हे एकच उदाहरण सोडवायचे उरले होते.

सर्वांत वरच्या फळीवर सबनीसांना हवे ते सापडले. मुळांचे वर्ग करत जायचे, म्हणजे त्यांच्यातली दरी ओळीगणिक रुंदावते आणि चिकटलेली मुळे सुटी होतात. पद्धत बिनचूक होती. आकडेमोड मात्र अफाट.

नारायण पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत हाताने फिरवायची दोन गणनयंत्रे होती. एक बाहेर, त्यांचे. दुसरे पडद्याआड स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कुसुमचे. दोघे एकच आकडेमोड स्वतंत्रपणे करत. सबनीस उत्तर मोठ्याने वाचत. तिचे जुळले तर ती म्हणे, "पुढे." जुळले नाही तर, "पुन्हा." कधी त्यावर फोडणीही असे: "अहो, चार नाही, सात. वर्गात हेच शिकवता?" लग्न झाल्यापासून तिने त्यांची एकही चूक पुढे जाऊ दिली नव्हती.

आता तिच्या यंत्रावर खोळ होती. सबनीसांनी दांडा फिरवला, पहिले उत्तर सवयीने मोठ्याने वाचले आणि सवयीनेच थांबले.

"पुढे."

आवाज पडद्यामागून आला. सबनीस उठले, पडदा सारला. खोळ जागच्या जागी होती. ओट्यावर दुपारचे पातेले पालथे होते. खिडकीतून कुणाच्या तरी रेडिओवरची नाट्यगीते येत होती. दीर्घ सवयीने कान असे फसतात, हे त्यांना ठाऊक होते. ते परत येऊन बसले आणि दुसरे उत्तर वाचले.

"पुढे."

त्यांनी पुन्हा उठून पाहिले नाही. कॉलेजातून आल्यावर चहाही न घेता ते यंत्रापाशी बसू लागले. उत्तर वाचून झाले की त्यांचा श्वास थांबे आणि तो शब्द आला की सुटे. त्याचे कारण शोधायला हवे होते. ते त्यांनी शोधले नाही. आपल्या हातून एकही चूक होत नाही, याचे त्यांना थोडे कौतुकही वाटले. कुसुमला सांगायला हवे, असेही मनात येऊन गेले.

होळीच्या आदल्या दिवशी सहाही मुळे हाती आली. नियमाप्रमाणे सबनीसांनी एकेक मूळ मूळच्या बहुपदीत घालून पाहिले. उत्तर शून्याच्या जवळपास यायला हवे होते. चार मुळांचे आले. त्या दोन चिकटलेल्यांचे आले नाही.

ते मागे मागे गेले. तिसऱ्या ओळीत, एकाच्या जागी सात. चूक त्यांचीच, विद्यार्थ्याने करावी तशी. हा आकडा वाचल्याचे त्यांना स्पष्ट आठवत होते. त्यावर आलेला शब्दही आठवत होता.

घड्याळासारखी शिस्त असलेले त्यांचे मन एवढ्या दिवसांनी जागे झाले. कोणत्याही उपकरणाची परीक्षा घ्यायची तर त्याला आधी माहीत असलेले उत्तर विचारावे. यंत्र बाजूला सारून, पडद्याकडे पाठ करून ते बसले.

"दोन नि दोन," ते म्हणाले. "पाच."

रेडिओ बंद होता. रस्त्यावरून एक सायकल गेली.

'पुन्हा' म्हण, सबनीस मनात म्हणत होते. अगं, एकदाच. 'पुन्हा' म्हण.

"पुढे."

तोच आवाज. तोच किंचित सर्दी झाल्यासारखा घोगरेपणा.

आवाज तिचा होता. तपासणी तिची नव्हती.

मग त्यांनी यंत्र जवळ ओढले, दांडा फिरवून शून्यावर आणले.

"तीन नि तीन," ते म्हणाले.

उत्तर अजून तोंडातच होते.

"पुढे."

या खेपेला आवाज पडद्याच्या अलीकडून आला.

मागे वळून पाहिले असते, तर तिथे कुसुम नाही एवढे सिद्ध झाले असते. सबनीस वळले नाहीत. तिसऱ्या ओळीतला सात त्यांनी तसाच राहू दिला आणि पुढचा आकडा वाचला.